नाव दादाचं, पैसे माझे, मग जमीन कुणाची?

गेल्या अंकात सातबारा आणि मालकी यावर मी दोन ओळी लिहिल्या काय, या महिन्यात पत्रं आणि मेल मिळून पेटीच भरली. वाचून लक्षात आलं की दुखणं सगळ्यांचं एकच आहे, कागदावर नाव एकाचं आणि "खरं तर माझं आहे" म्हणणारा दुसराच. सगळी पत्रं छापणं शक्य नाही म्हणून सहा निवडली, नावगाव काढून टाकलंय आणि पत्रं थोडी छोटी केलीयेत. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीय कारण तशीच निदान आठ-दहा पत्रं होती.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी पुण्यात नोकरी करतो, गाव सातारा जिल्ह्यात. २०१८ मध्ये आमच्या शेताला लागून असलेली दोन एकर जमीन विकायला निघाली, बाबा म्हणाले हातची सोडायला नको. एकूण १८ लाखाला सौदा झाला. त्यातले ११ लाख मी दिले, बँकेतून बाबांच्या खात्यात ट्रान्सफर केलेत, आणि बाकीचे ७ लाख वडिलोपार्जित जमिनीचा ओढ्याकडचा तुकडा विकून आले. खरेदीखत मात्र मोठ्या भावाच्या एकट्याच्या नावावर झालं कारण गावात तोच असतो, तलाठ्याकडे, सोसायटीत पीककर्जाला त्यालाच जावं लागतं, आणि तेव्हा मला त्यात काही वाटलंही नाही. २०२२ ला बाबा गेले. आता दादा म्हणतो खरेदीखत माझं, सातबारा माझा, तुझा काय संबंध? वहिनी तर म्हणते पैसे दिलेत ते बाबांच्या आजारपणाला दिलेत. आम्ही दोघे भाऊ, एक बहीण आहे ती लग्न होऊन गेली. मला माझे ११ लाखाचे हक्क मिळतील का?

उत्तर : तुमच्या पत्रात तीन वेगवेगळे प्रश्न एकात एक गुंतलेत, ते आधी सुटे करू.

पहिलं म्हणजे सातबारा. दादांना सांगा, सातबाऱ्याने कुणी मालक होत नाही. सातबारा हा महसूल खात्याचा कागद, सारा कुणाकडून घ्यायचा आणि पीक कोण काढतंय हे कळावं म्हणून ठेवलेला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी धरून चालतात हे बरोबर, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. फेरफाराने (म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलल्याच्या नोंदीने) हक्क निर्माणही होत नाही आणि जातही नाही हे सुप्रीम कोर्टाने कितीतरी वेळा सांगितलंय, १९९६ ला सांगितलं, २०२१ ला परत सांगितलं, तरी लोक अजून सातबारा फ्रेम करून लावल्यासारखा दाखवतात.

पण खरेदीखत ही वेगळी गोष्ट, ते दादांचं खरंच बळकट हत्यार आहे. रजिस्टर खरेदीखतात ज्याचं नाव तो मालक, इथून कोर्ट सुरुवात करतं आणि "नाही, खरा मालक मी" हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. आणि तुम्ही तोंड उघडलंत की समोरचा वकील बेनामी कायदा, म्हणजे पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं अशा खरेदीवरचा कायदा, टेबलावर ठेवणार.

हा कायदा मूळचा १९८८ चा. त्याआधी आपल्याकडे बेनामी खरेदी अगदी राजरोस चालायची आणि खऱ्या मालकाला कोर्टात जाऊन "नाव त्याचं, पैसे माझे" म्हणता यायचं. १९८८ च्या कायद्याच्या कलम ४ ने तो दरवाजाच बंद केला, दावाही करता येत नाही आणि कुणी तुमच्यावर दावा केला तर बचाव म्हणूनही ते सांगता येत नाही. मग १ नोव्हेंबर २०१६ पासून मोठी दुरुस्ती आली, कायदा कडक झाला आणि अपवाद नीट लिहिले गेले. तुमचा व्यवहार २०१८ चा म्हणजे नव्या कायद्यातला, म्हणून अपवाद तिथलेच बघायचे.

पहिली वाट भावाबहिणीची. त्यांच्यासाठी अपवाद आहे, पण त्याला अट आहे. पैसे तुमच्या माहीत असलेल्या उत्पन्नातून गेलेले हवेत (ते आहेत, पगाराचं खातं) आणि कुठल्यातरी कागदात तुम्ही दोघे संयुक्त मालक म्हणून दिसायला हवेत. इथे तुमची गाडी अडते. कायद्यात "कुठल्याही कागदात" असे शब्द आहेत, फक्त खरेदीखतात असं नाही, त्यामुळे घर पिंजून काढा, सौद्याची इसारपावती, विहिरीच्या किंवा पाइपलाइनच्या कर्जाचे कागद, आधीचा साठेखताचा (पुढे खरेदी करून देण्याच्या कराराचा) मसुदा, कुठे दोघांची नावं मालक म्हणून आहेत का बघा. बायको आणि मुलांच्या नावाने घेतलं तर ही संयुक्त नावाची अट नाहीये, भावाला मात्र आहे, आणि आपल्याकडे भावाच्या नावावर घेणारेच जास्त, हे कायदा करणाऱ्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

दुसरी वाट एकत्र कुटुंबाची, आणि माझ्या मते तुमची खरी वाट हीच. कुटुंबाच्या पैशातून घेतलेली आणि कुटुंबासाठी एका सभासदाच्या नावावर ठेवलेली मिळकत बेनामी होत नाही. तुमचे ११ लाख पगाराचे, ते आपोआप कुटुंबाचे होत नाहीत हे आधीच सांगते. पण ते ७ लाख? ते वडिलोपार्जित जमीन विकून आलेत. १९५४ ला श्रीनिवास कृष्णराव कांगो या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसतं एकत्र कुटुंब आहे म्हणून एका सभासदाच्या नावची मिळकत कुटुंबाची ठरत नाही, पण कुटुंबाकडे असं मूळ भांडवल होतं ज्यातून ती मिळकत घेता आली असती एवढं दाखवलं की मग ओझं पलीकडे जातं, मग नाव असलेल्याने सिद्ध करायचं की मी स्वतःच्या कमाईतून घेतली. तुमच्याकडे तर ओढ्याकडच्या तुकड्याचं विक्रीचं खरेदीखत आहे, तारीख आहे, दोन व्यवहारांत किती दिवसांचं अंतर आहे ते सूची क्रमांक २ (सब-रजिस्ट्रारकडे मिळणारा व्यवहाराचा उतारा) काढली की कळेल. आणि तुमचे ११ लाख थेट विकणाऱ्याला न जाता बाबांच्या खात्यात गेले, बाबांनी ते एकत्र करून दिले, म्हणजे तुम्ही स्वतःचे पैसे कुटुंबाच्या पेटीत टाकले असं म्हणायला जागा आहे. वहिनींचं आजारपणाचं म्हणणं बाबांच्या खात्याच्या स्टेटमेंटनेच खरं किंवा खोटं ठरेल, ११ लाख आले आणि त्याच आठवड्यात विकणाऱ्याला गेले असं दिसलं तर बोलायला फारसं उरत नाही.

तिसरी वाट विश्वासाच्या नात्याची. दुसऱ्याच्या भल्यासाठी, विश्वस्तासारखं नाव धरून ठेवलेला माणूस बेनामीदार (दुसऱ्याच्या पैशाला नुसतं नाव देणारा) नसतो. २०१२ चा मार्सेल मार्टिन्सचा निकाल आहे, बंगळुरूचा. आई भाडेकरू होती त्या जागेचा, ती गेल्यावर जागा एका मुलाच्या नावावर झाली, पैसे भावंडांनी मिळून घातले होते, सुप्रीम कोर्टाने म्हटलं हा मुलगा बाकीच्यांसाठी विश्वासाने धरून होता, बेनामी कायदा आड येत नाही. पण म्हणून "माझा दादावर विश्वास होता" एवढ्याने काम भागत नाही, विश्वास सगळ्यांचाच असतो, नाव त्याच्याकडे का ठेवलं आणि त्याने काय कबूल केलं होतं हे दाखवावं लागतं.

मग कोर्ट नक्की बघतं काय? जयदयाल पोद्दारचा सत्तरच्या दशकातला निकाल आजही यासाठी उघडला जातो. पैसा कुठून आला, खरेदीनंतर ताबा कुणाकडे, नाव दुसऱ्याचं लावण्यामागे कारण काय, दोघांचं नातं काय, मूळ कागद कुणाच्या कपाटात, आणि नंतर वागले कसे. यात पैसा सगळ्यात महत्त्वाचा पण तो एकटा पुरत नाही, २०१९ ला मंगथाई अम्मालच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पुन्हा तेच सांगितलंय. म्हणून पैशाच्या पावतीवर सगळी भिस्त ठेवू नका. ऊस कुणाच्या नावावर गेला, त्याचे पैसे वाटले गेले का, ड्रिपचा खर्च कुणी केला, दादाने कधी व्हॉट्सअॅपवर "आपली नवी जमीन" असं लिहिलंय का, बाबांनी नातेवाइकांसमोर काय सांगितलं होतं, हे सगळं गोळा करा. व्हॉट्सअॅप दाखवायचं तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट जोडावं लागतं, नुसते स्क्रीनशॉट छापून नेऊ नका, आणि तो फोन विकू नका.

दाव्यात "बेनामी" हा शब्द विचार न करता टाकणारे वकील मी पाहिलेत. "सदर मिळकत वादीने प्रतिवादीच्या नावे बेनामी खरेदी केली", झालं, आपल्याच दाव्यावर आपणच कुऱ्हाड. जे खरं आहे तेच लिहायचं, पण ते कुठल्या अपवादात बसतं हे पहिल्या पानापासून दिसायला हवं. समोरचा लगेच दावा दाखल होतानाच फेटाळा असा अर्ज देतो, पण अपवाद लागू आहे की नाही हा पुराव्याचा प्रश्न, तो सुरुवातीलाच ठरवता येत नाही, हे २०१९ च्या पवन कुमार विरुद्ध बाबूलाल या निकालात आलंय, तो वकिलाच्या हातात द्या.

उसने पैसे म्हणून ११ लाख वसूल करू असंही कुणीतरी सुचवेल. त्याला मुदत तीन वर्षांची, ती केव्हाच उलटली. कुटुंबाच्या मिळकतीतला हिस्सा मागायला मात्र तुम्हाला बाहेर काढल्याचं कळल्यापासून बारा वर्षं आहेत, त्यामुळे दादा पहिल्यांदा "तुझा काय संबंध" म्हणाला ती तारीख लिहून ठेवा. दावा लावलात की मनाईचा अर्ज द्या आणि दाव्याची नोटीस सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा, म्हणजे दादाने मधेच कुणाला विकली तरी घेणारा दाव्याच्या निकालाला बांधलेला राहील.

आणि एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. तुमच्या अख्ख्या पत्रात बहिणीबद्दल एकच वाक्य आहे, "लग्न होऊन गेली". ती कुठे गेली नाहीये. ७ लाख वडिलोपार्जित जमिनीचे असतील आणि तुम्ही एकत्र कुटुंबाची वाट धरणार असाल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्माने हिस्सेदार आहे, वडील तेव्हा हयात होते की नाही याने फरक पडत नाही हे विनीता शर्माच्या निकालात ११ ऑगस्ट २०२० ला पक्कं झालंय. तिला आणि आई असतील तर आईंना दाव्यात घ्यावंच लागेल, नाहीतर दावा तिथेच लंगडा. दादा तुमचं नाव विसरला म्हणून तुम्हाला लागलंय, तर वकिलाकडे जायच्या आधी ताईला फोन करा.

प्रश्न : आमच्या सातबाऱ्यावर चुलत्यांचं नाव आहे आणि पुढे ए.कु.मॅ. असं काहीतरी लिहिलंय. आमच्या वडिलांचं नाव कुठेच नाही. चुलते म्हणतात आजोबांनी मलाच दिली. हे ए.कु.मॅ. म्हणजे काय?

उत्तर : ही तीन अक्षरं तुमच्यासाठी सोन्याची आहेत. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, काही ठिकाणी ए.कु.क. लिहितात, कर्ता या अर्थी. पूर्वी आजोबा वारले की सगळ्या वारसांची नावं लावत बसण्यापेक्षा थोरल्याचं नाव लावायचे आणि पुढे हा शेरा मारायचे. म्हणजे सरकारी दप्तरानेच तेव्हा लिहून ठेवलंय की हा माणूस एकटा मालक नाही, घरासाठी धरून बसलाय. एरवी नावामागचा दुसऱ्याचा हक्क शोधायला कोर्टात वर्षं जातात, तुमच्याकडे तो छापूनच आलाय.

आता करायचं काय, तर तहसीलमधून तो फेरफार काढा, गाव नमुना ६ ची नक्कल, ज्या नंबरने चुलत्यांचं नाव लागलं तो. त्यात बहुतेक वेळा सगळ्या वारसांची नावं लिहिलेली असतात आणि शेवटी "थोरले यांचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल" असं असतं. तो कागद मिळाला की अर्धं काम झालं. त्यानंतर हा शेरा कमी करून सगळ्यांची नावं लावायचा अर्ज ई-हक्क या सरकारी वेबसाइटवरून करता येतो, किंवा तलाठी कार्यालयात (आता नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात विचाराल तर तलाठीच). चुलते हरकत घेणार, मग प्रकरण विवादग्रस्त रजिस्टरला जाईल आणि मंडळ अधिकारी निर्णय देतील, तिथे हरलात तर प्रांतांकडे अपील. पण हे सगळं नावापुरतं. "आजोबांनी मलाच दिली" याचा निकाल महसूल खातं देऊ शकत नाही, तो दिवाणी कोर्टातच लागतो, वाटपाच्या दाव्यात. दिली म्हणजे कशी दिली, मृत्युपत्र आहे का, बक्षीसपत्र आहे का, तोंडी वाटप म्हणत असतील तर त्यानंतर वेगवेगळी वहिवाट झाली का? हे त्यांनी दाखवायचं.

घाई कशाची, तर कुटुंबाच्या गरजेसाठी कर्त्याला मिळकत विकता येते, आणि विकून झाल्यावर "गरजच नव्हती" हे भांडणं फार महाग पडतं.

प्रश्न : मॅडम मी आयटीमध्ये आहे, शेतकरी दाखला नाही. मुळशीकडे फार्महाऊससाठी एक एकर घ्यायची होती, म्हणून कॉलेजच्या मित्राच्या नावाने २०२१ ला घेतली, पैसे पूर्ण माझे. त्याच्याकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलंय की जमीन माझी आहे आणि मी सांगीन तेव्हा नावावर करून देईल, नोटरी पण केलीय. मित्र चांगला आहे पण त्याचं लग्न ठरलंय आणि मला टेन्शन आलंय. माझी बाजू किती सेफ?

उत्तर : अजिबात नाही. तुम्ही जे केलंय त्याला कायद्यात बेनामीच म्हणतात आणि मित्रासाठी कुठलाही अपवाद नाही. तो स्टॅम्प पेपर तुम्हाला कवच वाटतोय, पण तो तुम्हीच करून ठेवलेला कबुलीजबाब आहे, की पैसे माझे आणि नाव मुद्दाम दुसऱ्याचं.

कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, म्हणजे तुमचं कारणच मुळात कायदा चुकवायचं होतं. उद्या मित्राने हात वर केले तर बेनामी कायद्याच्या कलम ४ मुळे तुम्ही दावा करू शकत नाही. आणि हात वर नाही केले, तो अगदी देवमाणूस निघाला, तरी बेनामी कायद्याचं कलम ६ म्हणतं की बेनामीदाराने ती मिळकत खऱ्या मालकाला परत करायची नाही, केली तर तो व्यवहार शून्य. वर मिळकत सरकारजमा होऊ शकते, आणि शिक्षा एक ते सात वर्षं सक्तमजुरी, शिवाय बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड. ती तुम्हालाही आणि तुमच्या मित्रालाही, हे त्याला माहीत आहे का? लग्न ठरलेल्या माणसाला हे माहीत असायला हवं.

एजंट लोक हे सर्रास करायला सांगतात, "सगळे असंच करतात साहेब". करतात, खरंय. इथे मासिकात उपाय सांगण्यासारखा नाही, आयकराची कामं करणारा चांगला वकील गाठा आणि त्याच्यापुढे काही लपवू नका. आणि तोपर्यंत नवीन कागद करून ठेवू नका, मागच्या तारखेचं कर्जाचं अॅग्रीमेंट वगैरे सल्ला कुणी दिला तर तो माणूसच बदला.

प्रश्न : आईचा ठाण्यात सोसायटीत फ्लॅट. तिने नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचं नाव दिलं होतं. मृत्युपत्र नाही. वडील आधीच गेलेत. सोसायटीने शेअर सर्टिफिकेट भावाच्या नावावर करायला घेतलंय, सेक्रेटरी म्हणतात नॉमिनेशन आहे म्हणजे विषय संपला. आम्हा दोघी बहिणींचं काहीच नाही का?

उत्तर : विषय संपत नाही, सुरू होतो. नॉमिनी म्हणजे हातात धरून उभा राहणारा माणूस, मालक नव्हे. विम्याच्या बाबतीत हे डिसेंबर १९८३ ला सरबती देवीच्या निकालात आलं (तिथे जवळच्या नातेवाइकांपुरता कायदा २०१५ ला बदललाय), शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ ला शक्ती येझदानीच्या निकालात. आणि सोसायट्यांसाठी तर सहकार कायद्यात २०१९ ला आलेलं कलम १५४ब-१३ च आहे, वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करायचं असं. तात्पुरता. तो शब्द सेक्रेटरींना पेन्सिलने अधोरेखित करून दाखवा. मृत्युपत्र नसेल आणि तुम्ही हिंदू वारसा कायद्यात येत असाल तर आईच्या फ्लॅटमध्ये तिघांचा सारखा वाटा. आजच सोसायटीला लेखी हरकत द्या, पोच घ्या, आणि भावाशी बोलून कौटुंबिक व्यवस्थेचा कागद होतो का बघा, नाहीच झाला तर वाटपाचा दावा.

प्रश्न : फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे, कारण बिल्डरकडे बुकिंग लग्नाआधीचं. लग्नानंतर नऊ वर्षं माझ्या पगारातून अर्धा ईएमआय गेला, थेट त्याच्या लोन अकाउंटला. आता तो म्हणतो घर सोड. मी को-अॅप्लिकंट पण नाही.

उत्तर : यात दोन वेगळे हक्क आहेत आणि तुम्हाला आज लागणारा हक्क मालकीचा नाहीये, राहण्याचा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ज्या घरात तुम्ही नवराबायको म्हणून राहिलात तिथून तुम्हाला कोर्टाच्या आदेशाशिवाय हाकलता येत नाही, नाव कुणाचंही असो. २०२० च्या सतीशचंद्र आहुजा निकालाने तर सासऱ्यांच्या नावावरचं घरसुद्धा यात येऊ शकतं असं सांगितलंय. त्यामुळे रागाने बॅग भरून माहेरी जाऊ नका, निदान वकिलाशी बोलेपर्यंत तरी.

मालकीचं जरा अवघड आहे. जोडीदाराच्या नावावर स्वतःच्या उघड उत्पन्नातून घेतलेली मिळकत बेनामी नाही, हा अपवाद नवऱ्याइतकाच बायकोलाही आहे, लोक फक्त नवऱ्याने बायकोच्या नावाने घेतलं एवढंच धरतात. पण तुमच्याबाबत खरेदी आधीच झाली होती, तुमचे पैसे कर्ज फेडायला गेले. समोरून म्हणणार की संसाराला हातभार होता, भाड्याच्या घरात राहिला असतात तर भाडं दिलंच असतं. नऊ वर्षांचं बँक स्टेटमेंट आत्ताच डाऊनलोड करा, जॉइंट खातं असेल तर आधी ते. "आपलं घर" म्हणून घेतलं, नंतर तुमचं नाव लावायचं ठरलं होतं, असं दाखवणारा एखादा मेल, बिल्डरला नाव वाढवायसाठी दिलेलं पत्र, असलं काही सापडलं तर वजन बदलतं. पूर्ण अर्धा फ्लॅट मिळेलच असं मी म्हणणार नाही. पण घटस्फोटाच्या तडजोडीत नऊ वर्षांचे हप्ते टेबलावर मांडले की समोरच्याचा आवाज खाली येतो हे मी बऱ्याचदा बघितलंय.

प्रश्न : २००७ ला पाच गुंठे जागा घेतली, नोटरी साठेखत आणि पॉवर ऑफ अॅटर्नी, पैसे पूर्ण दिले, ताबा तेव्हापासून आमचा, पत्र्याचं घर आहे, लाइट बिल आमच्या नावावर. आता मूळ मालकाच्या मुलाने तीच जागा दुसऱ्याला रजिस्टर खरेदीखताने विकली. तो म्हणतो माझं रजिस्टर आहे.

उत्तर : कागदाच्या तराजूत त्याचं पारडं जड आहे हे मान्य करूनच पुढे जाऊ. नोटरी साठेखत आणि पॉवर ऑफ अॅटर्नीने मालकी येत नाही, सुरज लॅम्पचा ऑक्टोबर २०११ चा निकाल. आणि ताबा आहे म्हणून संरक्षण द्या असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३अ खाली म्हणायचं तर २००१ च्या दुरुस्तीनंतर तो करार रजिस्टर हवा, तुमचा नाही.

पण त्या नवीन माणसाला एक साधा प्रश्न विचारायला सांगा : जागा बघायला गेला होतास का? मालमत्ता हस्तांतरण कायद्यात प्रत्यक्ष ताबा हीच नोटीस धरतात. एखाद्या जागेत कुणी राहतंय, तिथे पत्र्याचं घर आहे, मीटर आहे, आणि घेणाऱ्याने त्या माणसाला "तू कोण, कशाच्या जोरावर राहतोस" हे विचारलंच नाही, तर "मला माहीत नव्हतं" हे त्याला म्हणता येत नाही. करार माहीत असताना घेणाऱ्यावर तुमचा करार पुरा करून देण्याची सक्ती मागता येते आणि रजिस्टर नसलेलं साठेखत त्या दाव्यात पुरावा म्हणून चालतं. अडचण मुदतीची, करारात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षं, नसेल तर समोरच्याने स्पष्ट नकार दिल्याचं तुम्हाला कळल्यापासून. म्हणून तुमच्या साठेखतात "अमुक महिन्यांत खरेदीखत करून देऊ" असं वाक्य आहे की नाही यावर सगळं अडलंय. तेवढं वाक्य बघून मला परत लिहा, आणि मूळ कागद पोस्टाने पाठवू नका, झेरॉक्स पाठवा. मागच्या महिन्यात एका काकांनी ओरिजिनल इसारपावती साध्या टपालाने पाठवली होती, ती परत त्यांच्या हातात पडेपर्यंत मला झोप नव्हती.